सरवर मॅडमचं अवघड लिनक्स

सरवर मॅडम दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावत नसत. शिकवायला बसल्या की दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवायच्या आणि समोरचा माणूस भलतंच बटण शोधत असला तरी नुसत्या बघत राहायच्या. एकदा मला उभी दांडी सापडेना. कीबोर्डवरचं ते चिन्ह मी जन्मात वापरलं नव्हतं. चार मिनिटं शोधत होते. त्यांचे हात मांड्यांखाली चुळबुळत होते, ते मला दिसत होतं, पण बाहेर काही आले नाहीत. शेवटी एंटरच्या वर, शिफ्ट दाबून ती सापडली, तेव्हा म्हणाल्या, "आता मरेपर्यंत विसरणार नाहीस." आणि खरंच, अजून विसरलेले नाही.

त्यांचं आडनाव गजभिये. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. एका इंजिनियरिंग कॉलेजच्या संगणक विभागात पस्तीस वर्षं नोकरी केली आणि सर्व्हर रूमच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत सर्व्हर म्हणजे बाकीच्या संगणकांना पुरवठा करणारा मोठा संगणक, हे कुणाला ठाऊक नव्हतं. जुन्या वॉचमनने 'सरवर मॅडम' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. लग्न केलेलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. चार मजल्यांची बिल्डिंग, लिफ्ट नाही. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि हृदयाच्या त्रासामुळे डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते. मी त्यांच्याकडे जायला लागले तेव्हा त्या चौदा महिने खाली उतरलेल्या नव्हत्या. भाजी, दूध, औषधं, सगळं दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर जायचं. एकदा मी विचारलं, "मॅडम, कंटाळा नाही येत?" तर म्हणाल्या, "सर्व्हर कधी जागचा हलतो का गं? ज्याला काम आहे त्याने यायचं त्याच्याकडे." हे त्या हसत हसत म्हणाल्या, म्हणून मीही हसले.

मी पहिल्या मजल्यावर, बाबांबरोबर. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात लागले. आई लवकर गेली, दादा विरारला. मी घाटकोपरच्या एका छापखान्यात टायपिंग आणि प्रुफं बघायचं काम अकरा वर्षं करत होते. मग बाबांना पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवं अंग गेलं. दादाने दोनदा येऊन सांगितलं, "बाई ठेवू या," आणि दोन्ही वेळा ठेवलेली बाई महिन्याच्या आत गेली. तेव्हा मी नोकरी सोडली. सोडली म्हणण्यापेक्षा, एका सोमवारी गेले नाही आणि त्यानंतर कधीच गेले नाही.

जे माणूस घरात अडकलंय त्याला दिवसातला नेमका मोकळा वेळ मिनिटावर सांगता येतो. माझा दुपारी दीड ते साडेतीन. बाबांना जेवण भरवून, कूस बदलून, गोळी दिली की ते दोन तास झोपायचे. त्या दोन तासांत मी बाहेरून कुलूप लावून दळण, बिलं, औषधं उरकायची. कुलूप लावताना दर वेळी वाटायचं, आपण बापाला कोंडून चाललोय. परत येऊन कुलूप उघडताना वाटायचं, आपणच आत कोंडून घ्यायला आलोय. आणि दोन्ही खरंच होतं.

छापखान्याचे शेठ भले माणूस. त्यांचा फोन आला, "वंदनाबेन, शाळेच्या गाइडची हस्तलिखितं आली आहेत. घरी बसून टाइप करशील का? महिनाअखेरपर्यंत सांग, नाहीतर दुसऱ्याला द्यावं लागेल." काम असं चालून आलं आणि माझ्याकडे मशीन नव्हतं. दादाने त्याचा जुना लॅपटॉप आणून दिला. दोन जीबी रॅम, एक बिजागरी तुटलेली, बटण दाबल्यावर सुरू व्हायला बारा मिनिटं. सुरू झाला की टायपिंगचा प्रोग्राम उघडायला आणखी सात, आणि मग तो जागच्या जागी गोठायचा. दुरुस्तीवाल्याने लांबूनच बघून सांगितलं, "ताई, वाट लागलीय याची. भंगारात द्या." त्याच दुपारी, पावणेदोनला, मी तो ओढणीत गुंडाळून चौथ्या मजल्यावर गेले.

मॅडमनी तो मांडीवर घेतला, उलटा केला, मागचे स्क्रू बोटाने चाचपले. मांजराचं पिल्लू तपासतात तसे. म्हणाल्या, "मशीनला काही झालेलं नाही. याच्यावर घातलेला बोजा याला झेपत नाही. लिनक्स घाल."

लिनक्स हे नाव मी ऐकून होते, एवढंच. त्यांनी समजावलं, ही लॅपटॉप चालवणारी एक फुकटची प्रणाली आहे आणि तिचे शेकड्यांनी प्रकार आहेत. काही प्रकार तयार डब्यासारखे: झाकण उघडा, जेवा. काही शिध्यासारखे: तांदूळ, डाळ, मीठ वेगवेगळं हातात देणार, तुमचं तुम्ही शिजवायचं.

"मला नुसतं टायपिंग करायचंय मॅडम," मी म्हटलं. "डबाच द्या ना."

"तयार डबे जड असतात. या म्हाताऱ्याला पचणार नाहीत. शिधा घे, लागेल तेवढंच शिजव. हलकं राहील." मग म्हणाल्या, "आणि एकदा शिजवता यायला लागलं ना वंदना, की कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. त्या दिवसांत मी सगळ्यांच्याच तोंडाकडे बघत होते. म्हटलं, ठीक आहे. शिधा तर शिधा.

पुढचे दिवस मी कसे काढले ते आठवलं की अजून मान दुखते. त्या अवघड प्रकारात चित्रं नाहीत, 'पुढे' असं लिहिलेलं बटण नाही. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ, आणि आपण इंग्रजीत बिनचूक हुकूम लिहायचा. एक रिकामी जागा चुकली तरी मशीन ऐकत नाही. पहिल्या खेपेला मी डिस्कचे भाग चुकीचे पाडले. सगळं पुसून पुन्हा. दुसऱ्या खेपेला पाच दुपारी खर्चून सगळं बसवलं, बंद करून सुरू केलं, तर पडदा काळा आणि वर डाव्या कोपऱ्यात ती रेघ. लुक, लुक. मशीन सुरू होताना ज्या छोट्या प्रोग्रामला आधी हाक मारतं, तोच मी बसवलेला नव्हता.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

घड्याळात तीन वीस झाले होते. लॅपटॉप त्यांच्याकडेच ठेवून मी धावत खाली आले.

दर दुपारी त्या माझ्यासाठी चहा करून थर्मासमध्ये ठेवायच्या, मी उशिरा पोचले तरी तो गरम असायचा. मला आवडतात म्हणून टोपलीतून खारी बिस्किटं मागवायला लागल्या होत्या. अशाच एका दुपारी मी त्यांना म्हटलं, "कीबोर्ड तुम्ही घ्या ना. पाच मिनिटांचं काम, मी पाऊण तास करतेय." तेव्हा त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. कॉलेजात त्या टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. संगणक आले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, बाई, तुम्ही पत्रं टाइप करा, मशीनला हात लावू नका. त्या जेवणाच्या सुट्टीत बसून जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचायच्या, शब्दकोश शेजारी ठेवून. अधूनमधून बसायची संधी मिळायची, पण दोन हुकूम लिहून होईपर्यंत कुणीतरी यायचं. "सरका बाई, मी करतो." असं सहा वर्षं चाललं. "माझ्या हातातून कीबोर्ड इतक्या जणांनी काढून घेतलाय," त्या म्हणाल्या, "की दुसऱ्याच्या हातातून काढून घ्यायला माझा हात धजत नाही." त्यानंतर मी तो हट्ट कधी केला नाही.

तिसऱ्या खेपेला मशीन सुरू झालं. नुसतं अक्षरांचं, चित्रांशिवाय, पण बटण दाबल्यापासून एकोणीस सेकंदांत. मी मॅडमचा हात धरून ओरडले. मग मराठी टाइप करून बघितलं. माझं स्वतःचं नाव लिहिलं, तर पडद्यावर नुसते रिकामे चौकोन.

"हे काय?"

"ते तुझंच नाव आहे. मशीनने बरोबर घेतलंय," मॅडम म्हणाल्या. "त्याला तुझ्या अक्षरांचे चेहरे ठाऊक नाहीत, एवढंच. फॉन्ट घालायचा. त्याआधी चित्रं दाखवणारा भाग बसवू, मग फॉन्ट. झालंच."

त्यांचं 'झालंच' म्हणजे आणखी चार-पाच दुपारी, हे मला आता कळत होतं. महिनाअखेर जवळ येत होती. सोप्या प्रकाराचं मी पुन्हा एकदा विचारलं. त्यांनी मान हलवली. "एवढं केलंस, आता कुठे सोडतेस?"

दुसऱ्या दिवशी चित्रांचा भाग बसवताना काहीतरी अडलं. पडदा मधेच पांढरा होऊन थिजायचा. एका ओळीत चूक होती, ती शोधण्यात मी इतकी बुडाले की घड्याळाकडे बघितलंच नाही. सापडली आणि वर बघितलं तर चार वाजून दहा मिनिटं. चपला हातात घेऊन जिना उतरले. कुलूप उघडलं तर बाबा खाटेच्या बाजूला जमिनीवर पडलेले. कूस चुकली होती. धोतर ओलं. डाव्या हाताने त्यांनी खाटेचा पाय घट्ट धरून ठेवला होता, आणि किती वेळ धरला होता ते मी त्यांना कधीच विचारलं नाही.

"खंय गेल्लंस गो?" त्यांनी वाकड्या जिभेने, आपल्या मालवणीत विचारलं. मी त्यांच्या काखेत हात घातले. मग तेच म्हणाले, "माका काय लागूक नाय."

लागलं होतं. कोपर सुजलं होतं, हाड मात्र वाचलं होतं. त्यांना उचलताना, पुसताना, कपडे बदलताना मला स्वतःचा राग यायला हवा होता, पण आला मॅडमचा. खालून फोन केला. "माझे बाबा पडलेत. तुमच्या शिध्यापायी. तुम्हाला काय, तुम्हाला वेळच वेळ आहे. मला दोन तास मिळतात, मॅडम. दोन." पलीकडून त्या "वंदना, ऐक" एवढंच म्हणाल्या. मी फोन ठेवून दिला.

सहा दिवस मी वर गेले नाही. लॅपटॉपही वरच होता. संध्याकाळी त्यांची टोपली आमच्या खिडकीसमोरून खाली जायची, वर जायची. दोनदा ती आमच्या खिडकीपाशी थांबली. त्यात खारीचा पुडा होता. मी घेतला नाही. थोड्या वेळाने टोपली तशीच वर गेली.

सातव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला जिन्यातून एक विचित्र आवाज यायला लागला. धप्प. मग शांतता. मग काहीतरी सरकल्यासारखं. मग पुन्हा धप्प. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी थांबेना, म्हणून मी दार उघडलं. वर बघितलं तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सरवर मॅडम. गाऊनवर ओढणी, गळ्यात कापडी पिशवी, पिशवीत माझा लॅपटॉप. एका पायरीवर बसायच्या, दोन्ही हातांनी पाय उचलून खालच्या पायरीवर ठेवायच्या आणि मग अंग खाली टाकायच्या. चेहरा घामाने थबथबलेला.

"मॅडम! हे काय करताय?"

"बाजूला हो," त्या म्हणाल्या. "मध्ये थांबले तर मी इथेच राहीन."

मी त्यांच्या एक पायरी पुढे बसून उतरले, घसरल्याच तर माझ्यावर पडाव्यात म्हणून. आमच्या दाराशी पोचायला आणखी वीस मिनिटं लागली. आत आल्यावर त्यांनी आधी बाबांच्या खाटेपाशी नेऊन बसवायला सांगितलं. बाबांच्या कोपरावरची काळी-निळी जागा त्या बराच वेळ बघत होत्या. बाबा झोपलेले होते.

मी पाणी दिलं. ते न पिताच त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"मी तुला खोटं सांगितलं. तयार डबे जड असतात म्हणाले ना? सगळे नसतात. जुन्या मशीनसाठी मुद्दाम केलेले हलके तयार प्रकार आहेत. चांगले आहेत. तुझं काम पहिल्याच दुपारी झालं असतं."

मी विचारलं, "मग?"

"मग तू दुसऱ्या दुपारी आली नसतीस."

पंखा कुरकुरत होता. मॅडम खाली मान घालून बोलत राहिल्या. "आधी वाटलं, एक आठवडा. शिकेल पोरगी, तिचंच भलं आहे. ते खोटं नव्हतं, तुझा हात खरंच चांगला आहे. पण मला दीड वाजायची सवय लागली. जिन्यात तुझ्या चपला वाजल्या की मी थर्मास उघडायचे. मला माहीत होतं तुला दोनच तास मिळतात. माहीत असूनही मी लांबवलं."

मी ओरडायला हवं होतं कदाचित. पण मी त्यांच्या पायांकडे बघत होते. उतरताना टाचा सोलून निघाल्या होत्या. मी स्वतः चौदा महिने घरात राहिले असते, तर दीड वाजता येणाऱ्या माणसाला मी तरी लवकर सोडलं असतं का? मला सांगता येत नाही. रडायला मात्र लागले.

"काहून रडतेस आता," त्या म्हणाल्या. चिडल्या किंवा हळव्या झाल्या की त्यांच्या तोंडून भंडारा निघायचा. पिशवीतून लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हात लावू?"

मी होकाराची मान डोलावली. त्यांची बोटं तेव्हा मी पहिल्यांदा चालताना बघितली. जाड, सांधे सुजलेली, पण काय चालत होती! चाळीस मिनिटांत हलका सोपा प्रकार बसला. मराठी अक्षरं चेहऱ्यांसकट उमटली. पहिलं वाक्य मी टाइप केलं, "बाबांना चहा द्यायची वेळ झाली," कारण झाली होती.

मग लक्षात आलं की मॅडम खाली आल्या खऱ्या, पण वर जाऊ शकत नाहीत. उतरणं बसून होतं, चढणं होत नाही. त्या तीन दिवस आमच्याकडे राहिल्या. एका खोलीत खाट, एका खोलीत गादी, मध्ये मी. बाबांना आधी फार संकोच वाटला. बायको गेल्यापासून घरात परकी बाई राहिली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात असताना दोघांचं बोलणं ऐकू आलं. बाबा गिरणीतल्या मागांबद्दल सांगत होते, निम्मे शब्द तोंडातल्या तोंडात. मॅडम प्रश्न विचारत होत्या: धागा तुटला तर माग आपोआप थांबायचा का? कुणाला कळायचं आधी? बाबा इतकं बोललेले मी झटक्यानंतर ऐकले नव्हते.

"जा," मॅडम मला म्हणाल्या. "शेठकडे जा. मी इथे आहे. माझे पाय गेलेत, आवाज नाही. काही झालं तर बिल्डिंग गोळा करीन."

मी बाहेरून कुलूप न लावता घराबाहेर पडले. घाटकोपरला जाऊन हस्तलिखित घेतलं. येताना स्टेशनबाहेर उभी राहून पाणीपुरी खाल्ली, काही घाई नसताना. भैयाने विचारलं, "मीठा तीखा?" आणि मला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण आपल्याला काय आवडतं हे कुणी विचारून बरेच दिवस झाले होते.

चौथ्या दिवशी सोसायटीतल्या चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मॅडमना वर नेलं. त्यानंतर आमचं ठरून गेलं. दुपारी मी वर जायची ती फक्त जेवणाचा डबा घेऊन, अर्ध्या तासासाठी, आणि त्या घड्याळ बघून मला स्वतःच उठवायच्या. लॅपटॉप खालीच राहिला. गाइडं टाइप होत गेली. बाबांच्या खाटेशेजारी बसून मी विज्ञान आणि भूगोल टाइप करायची, आणि त्यांनी हाक मारली की उठायची.

सात-आठ महिन्यांनी मी म्हटलं, "मॅडम, ते अवघडवालं मला पुरं करायचंय."

"कशाला? काम चाललंय ना?"

"चाललंय. म्हणूनच."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग एक अट घातली: सोपं पुसायचं नाही. डिस्कचा एक कोपरा मोकळा करून अवघड तिथे बसवायचं. "अडलं तर दहा मिनिटं बघ. मग बंद कर, सोपं उघड, काम कर. उद्या पुन्हा बघ. तेव्हा मी चुकले ते इथेच. तुला परतायला वाट ठेवली नव्हती." त्या रीतीने मला अडीच महिने लागले. या वेळी अडायचं तेव्हा त्या आधीच सांगायच्या, पुढे खड्डा आहे, बघून चाल. फोनवरून सांगायच्या, मी खाली, त्या वर. जे शिकले त्याच्या जोरावर पुढे मी छापखान्यातली चार जुनी मशीनं चालती केली, आणि शेठनी मला कामाला घेतलं ते पुन्हा टायपिस्ट म्हणून नाही.

बाबा त्या सालच्या थंडीत गेले. झोपेतच, दुपारी. मी घरातच होते.

नंतर बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं. नव्या बिल्डिंगीत दोन लिफ्ट असणार होत्या. ते ऐकून मॅडम म्हणाल्या, "माझ्या हयातीत नको गं, उगाच हळहळ." सगळ्यांना घरं रिकामी करायला लागली. मी भांडुपला भाड्याने खोली घेतली. मॅडमना त्यांची भाची अस्मिता नागपूरला घेऊन गेली. निघायच्या दिवशी चौघांनी त्यांना खुर्चीतून खाली आणलं. गेटपाशी गाडीत बसवलं तेव्हा त्या कुणाशी बोलल्या नाहीत, खिडकीतून बिल्डिंगकडे वर बघत होत्या. एवढी वर्षं आतून बघितलेली बिल्डिंग त्यांनी बाहेरून बघून घेतली. मग माझा हात धरून म्हणाल्या, "तळमजल्यावर घर आहे अस्मिताचं. दार उघडलं की रस्ता." एवढं बोलून हात सोडला. त्यांनी फोन करायचं वचन दिलं आणि पाळलं. दर रविवारी सकाळी. संध्याकाळी काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले, असं सांगायच्या. पुढे पुढे फोन लहान होत गेले.

दीड वर्षाने एका रविवारी फोन आला तो अस्मिताचा. मॅडम जाऊन बारा दिवस झाले होते. "तुमचा नंबर आत्याच्या डायरीत पहिल्या पानावर होता," ती म्हणाली. मग ती संकोचत म्हणाली, "आत्याच्या लॅपटॉपवर माझ्या आईचे फोटो आहेत. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. दुकानवाला म्हणतो हे लिनक्स आहे, मला जमणार नाही."

मी म्हटलं, मी सांगते, तू कर. मनातून घाबरले होते. मॅडमचं स्वतःचं मशीन, म्हणजे अवघडातलं अवघड काहीतरी असणार. सुरू होतानाच मधे अडवून, लांबलचक ओळ लिहायला लावून पासवर्ड बदलावा लागेल. मी वही-पेन घेऊन बसले. अस्मिताला संगणकातलं काही येत नव्हतं. मी एकेक अक्षर सांगायची तयारी ठेवली.

"सुरू कर. पहिल्यांदा जी यादी येईल ती मला वाचून दाखव. सावकाश."

ती वाचायला लागली. पहिली ओळ वाचली आणि मी पेन खाली ठेवलं. त्यात त्या हलक्या, सोप्या प्रकाराचं नाव होतं. मॅडमनी माझ्या मशीनवर बसवला होता तोच. सुजलेल्या सांध्यांची ती बोटं शेवटी शेवटी किती दुखत असतील, काळ्या पडद्यावरची ती रेघ त्यांना किती धूसर दिसत असेल, याचा मी रविवारी फोनवर कधी विचारच केला नव्हता. त्यांनी स्वतःसाठी सोपं करून घेतलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं.

"ताई? आहात ना? पुढे काय करू? फार अवघड आहे का हे?"

"नाही गं," मी म्हटलं. "सोपं आहे. दुसरी ओळ दुरुस्तीची आहे, ती निवड, आणि पासवर्ड बदलायचा मी सांगते तो एकच शब्द लिही. घाई नको. तुला अक्षर सापडेपर्यंत मी थांबते."